हात उजवा, डोळा डावा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सुरुवातीलाच तुम्हाला एक काम सांगतो. बसल्या जागी होण्यासारखं आहे. उजवा हात समोर लांब करा आणि अंगठा उभा धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबची एखादी वस्तू निवडा. विजेचा खांब चालेल, देवळाचा कळस चालेल, मशिदीचा मिनार चालेल. अंगठा बरोबर त्या वस्तूवर आणा. आता डावा डोळा झाका. तो उघडून मग उजवा झाका. एका वेळेस अंगठा जागेवर राहील, दुसऱ्या वेळेस टुणकन बाजूला उडी मारेल. ज्या डोळ्यानं बघताना अंगठा जागेवर राहिला, तो तुमचा कारभारी डोळा.

शास्त्रात त्याला प्रभावी डोळा म्हणतात. मला कारभारी हा शब्द बरा वाटतो, कारण घरात माणसं दोन असली तरी शेवटचा शब्द एकाचाच चालतो. डोळ्यांचंही तसंच आहे. दोन्ही डोळे बघतात, पण नेमकी दिशा ठरवायची वेळ आली की मेंदू एकाचंच ऐकतो. जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता नावाच्या इटालियन पंडितानं ही गोष्ट १५९३ साली लिहून ठेवली. आज डोळ्यांचे डॉक्टर करतात त्या अंगठ्याच्या परीक्षेला त्याचंच नाव आहे. कारभारी डोळा म्हणजे जास्त चांगला डोळा, असं मात्र नाही. चष्म्याचा नंबर जास्त असलेला डोळाही कधी कधी कारभार बघतो.

आता गंमत अशी की, दहातली नऊ माणसं उजव्या हाताची असतात, पण उजव्या डोळ्याची माणसं तिघांत दोन इतकीच. म्हणजे हात उजवा आणि डोळा डावा अशी माणसं आपल्या आसपास बरीच आहेत. साठ पोरांच्या वर्गात दहा-पंधरा सहज निघतील. याला दुखणं म्हणायचं कारण नाही. उजवा हात डाव्या मेंदूच्या हुकमतीत असतो, हे आपण शाळेत शिकलो. पण डोळ्यांची वाटणी तशी नाही. प्रत्येक डोळ्यातून निघालेल्या शिरांपैकी निम्म्या या बाजूच्या मेंदूकडे जातात आणि निम्म्या त्या बाजूच्या. तेव्हा हात आणि डोळा एकाच बाजूचे असलेच पाहिजेत, असा निसर्गाचा काही कायदा नाही.

एरवीच्या आयुष्यात याचा पत्ताही लागत नाही. आमचं गाव चकलांबा, तालुका गेवराई. तिथं सुतार रंधा मारून झाला की फळी डोळ्याशी धरतो आणि एक डोळा मिटून तिचा बाक बघतो. कुठल्या डोळ्यानं बघतो हे त्याला कुणी विचारत नाही, त्यालाही ठाऊक नसतं. ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण फिरवायची, तर तिथं डोळा लावायची भानगडच नाही. गोफण मनगटाला कळते. पोरं गोट्या खेळतात, बेचकीनं चिंचा पाडतात. नेम चुकला तर अर्धं पाऊल इकडंतिकडं सरकून आपापलं गणित जमवतात. मोकळ्या हाताच्या कामात शरीर आपली सोय आपण करून घेतं.

रायफल ही सोय देत नाही. ती तुम्हाला खांद्यापाशी बांधून घालते. दस्ता उजव्या खांद्यात, गाल दस्त्यावर टेकलेला. आता उजवा डोळा मागच्या छिद्रामागे आला. त्या छिद्रातून नळीच्या टोकावरची खूण दिसली पाहिजे आणि खुणेच्या पलीकडे लक्ष्य. तीन गोष्टी एका रेषेत. ज्याचा डावा डोळा कारभारी आहे, त्याचा उजवा डोळा जागेवर असतो, पण नेम डावा धरतो. मेंदू डाव्या डोळ्यातलं चित्र उचलतो, मागच्या छिद्राला विसरतो आणि टोकावरची खूण लक्ष्यावर नेऊन बसवतो. माणसाला शपथेवर वाटतं की नेम बरोबर आहे.

यात किती फरक पडतो? आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. रायफलीच्या मागच्या छिद्रापासून पुढच्या खुणेपर्यंत सत्तर सेंटिमीटर धरू. म्हणजे सत्तर सेंटिमीटरला सहाचा फरक. पंचवीस मीटरवर तो दोन मीटरच्या वर जातो, आणि जातो तो डावीकडे.

हे गणित मला फार उशिरा कळलं. आधी त्याचं उत्तर बघायला मिळालं होतं. १९८८ सालच्या सुमारास मी कॉलेजात एनसीसीत होतो. पॉइंट बावीसची रायफल, पंचवीस मीटरवर कागद, पालथं पडायचं आणि पाच गोळ्या झाडायच्या. गोळीबार संपला, आम्ही कागद आणायला गेलो. माझा कागद कोरा, वहीत चिकटवावा इतका स्वच्छ. आणि माझ्या डावीकडच्या मित्राच्या कागदावर पाच गोळ्यांची सात भोकं! त्याला शाबासकी द्यावी की रागवावं, हे उस्तादांना कळेना. (एनसीसीत शिकवणाऱ्या फौजींना आम्ही उस्ताद म्हणायचो.) मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘डावा डोळा मिट,’ म्हणाले. मी दोन्ही मिटले. एक डोळा मिटण्याची कला मला आजही साधलेली नाही, त्यामुळे तरुणपणी ज्या काही संधी हुकल्या त्यांच्याविषयी इथं बोलायला नको. उस्तादांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. ते कडाडले, ‘शिस्त सही लो!’

मी काय केलं असेल? कॉलर नीट केली, टाचा जुळवल्या. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला शिस्त म्हणजे शिस्तच. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम, हे मला ठाऊक नव्हतं. पुढं उर्दू वाचायला लागलो तेव्हा ‘शिस्त बाँधना’ हा वाक्प्रचार भेटला. अर्थ तोच, नेम धरणं. शब्द फारसीतला. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालायचा ती अंगठीसुद्धा. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेम असा अर्थ होता. पुढं नेमाचा अर्थ मागं पडला आणि वळण, कवायत, गप्प बसणं एवढाच उरला. म्हणून ज्याचा नेम चुकतो, त्याला आपल्याकडं बेशिस्त म्हणायला वेळ लागत नाही. बिचारा रेषेत पडलेला असतो, श्वास रोखलेला असतो, सांगितलं तसं सगळं करत असतो. तरी गोळी शेजाऱ्याच्या कागदावर. (उर्दू शायरीतले नजरेचे बाण कधी चुकत नाहीत, पण तिथं डोळा डावा की उजवा याची चौकशी कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.)

मग इलाज काय? दोन आहेत. एक तर खांदा बदला. डोळा डावा आहे तर रायफलही डाव्या खांद्याला लावा. नव्यानं शिकणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक प्रशिक्षक हेच सुचवतात, आणि मला ते पटतं. हात शिकतो. डोळ्याचा कारभार सहसा बदलत नाही.

हात किती शिकतो, याचा दाखला हंगेरीच्या कारोली टाकाच या फौजी माणसाचा. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला, पिस्तूल धरायचाच हात. त्यानं गुपचूप डाव्या हातानं सराव केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेतलं, आणि १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा. तेच हेलसिंकी, जिथं आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं.

पण खांदा बदलायला अडचण असते ती हत्याराची. विळा उजव्या हाताच्या बेतानं घडवलेला, शिंप्याची कात्री उजव्या हाताची, तशी आपल्याकडची रायफलही. जुन्या रायफलीचा खटका उजव्या बाजूला. डावखुऱ्याला प्रत्येक गोळीमागे हात पलीकडं न्यावा लागतो. रिकामी पुंगळीही उजवीकडंच उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून. स्पर्धेसाठी डाव्या हाताच्या रायफली मिळतात, पण त्या विकत घेणाऱ्याला. सरकारी कोठारातून हातात येईल ती घ्यावी लागते.

दुसरा इलाज स्वस्त आहे. डाव्या डोळ्यासमोर आड धरायचं. डोळा मिटायचा नाही, कारण एक डोळा मिटून धरला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, दुसराही बारीक होतो आणि थोड्या वेळात थकतो. स्वप्नील कुसाळे जो प्रकार खेळतो, त्यात गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तीन अवस्थांत प्राथमिक फेरीतच साठ गोळ्या झाडायच्या असतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या रेल्वेतल्या मुलानं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे वैयक्तिक पदक. इतका वेळ एक डोळा मिटून कोण बसेल? म्हणून नेमबाज चष्म्याला किंवा रायफलीच्या मागच्या छिद्राशेजारी छोटी पट्टी लावतात. डोळा उघडा राहतो, फक्त त्याच्यासमोरून लक्ष्य गायब होतं. याला आंतरराष्ट्रीय नियमांची मोकळीक आहे. चष्म्यावरची पट्टी तीन सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, एवढंच. पट्टी काळी नसावी, दुधी किंवा पांढरट असावी. एका डोळ्यासमोर अंधार केला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि नेमाच्या डोळ्यालाही अस्पष्ट दिसू लागतं. दहा मीटरच्या एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. तिथं एवढीशी अस्पष्टताही महागात पडते.

ही पट्टीची युक्ती क्रिकेटवाल्यांना ठाऊक असेल. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा गेला. धूसर दिसायचं आणि एकाच्या जागी दोन चेंडू दिसायचे. १९६२ च्या जानेवारीत मद्रास कसोटीत ते टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळले आणि १०३ धावा केल्या. टोपीनं पट्टीचंच काम केलं. दोन महिन्यांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कप्तान झाले.

हे सगळं सांगायचं निमित्त म्हणजे आमच्या शेजारचा एक मुलगा. आमच्या भागात पहाटे कुठल्याही रस्त्यावर जा, भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. अनेकांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि घराची सगळी भिस्त त्या पळण्यावर असते. हाही त्यातलाच. पळण्यात पास, गोळाफेकीत पास, लेखीत पास, निवड झाली. गल्लीनं पेढे खाल्ले. प्रशिक्षणाला गेला आणि गोळीबारात अडकला. सुट्टीत आला तेव्हा ओट्यावर गप्प बसून होता. म्हणाला, ‘चाचा, गोळी कुठं जाती तेच कळंना. लोक म्हणत्यात, ध्यान नाही याचं.’

मी विचारलं, ‘डावीकडं जाती का?’

तो बघतच राहिला. मग मी त्याला अंगठा धरायला लावला, समोरच्या पाण्याच्या टाकीवर. डावा डोळा झाकला, अंगठा उडाला. तीन वेळा केलं, तीनदा उडाला. मग दोन्ही तळहात लांब करून, बोटं एकमेकांवर ठेवून मधे छोटं भोक करायला सांगितलं. त्यातून टाकीकडं बघत बघत हात चेहऱ्याजवळ आण, म्हटलं. हात आपोआप डाव्या डोळ्यापाशी येऊन थांबले. मला कुणाची कड घ्यायची नव्हती, पण त्या पोराचा चेहरा बघून बरं वाटलं. आपण ढ नाही, एवढं त्याला कळलं होतं.

‘आधी डोळ्याच्या डॉक्टरला दाखव,’ असं मी त्याला सांगितलं. एखाद्याचा एक डोळा लहानपणापासून आळशी असतो, दुसऱ्याचा नंबर वाढलेला असतो. ते अंगठ्यानं कळत नाही. डोळे ठीक निघाले. मग त्यानं परत गेल्यावर शिकवणाऱ्या साहेबांना सरळ सांगितलं. साहेब भले निघाले. आधी त्यांनी डावा खांदा करून बघायला सांगितलं. ते याला जमेना, पुंगळी उडाली की दचकायचा. मग साध्या चष्म्याच्या डाव्या काचेवर डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा लावला.

पंधरा दिवसांनी फोन आला. तो काही पहिला-बिहिला आला नव्हता, पास झाला होता. मी म्हटलं, बास झालं. मग हळू आवाजात म्हणाला, ‘चाचा, रात्री बराकीत सगळ्यांना अंगठा धरायला लावला. आणखी तिघं निघाले. त्यातल्या एकाला तर उद्याच गोळीबार हाय, चिकटपट्टी आणायला दुकान उघडं हाय का बघतोय.’