धक्क्याला लागलेलं जहाज

आमचे मामू बोटीवर तेलवाले होते. तेलवाला म्हणजे इंजिनरूममधला ऑइलर. दाभोळच्या खाडीकाठी आमच्या मोहल्ल्यात घरटी एखादा माणूस तरी बोटीवर असायचा. मामू रजेवर आले की एक गंमत व्हायची. रात्री लाइट जायची, पंखा थांबायचा. सगळं घर गाढ झोपेत आणि मामू एकटे ताडकन उठून बसलेले. "बोटीवर आवाज थांबला म्हणजे घात," असं ते सांगायचे. आज त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही.

बंदरात तरी त्यांना निवांतपणा मिळत असेल, असं मला वाटायचं. तसं नसतं. धक्क्याला लागल्यावर मोठं इंजिन बंद होतं, पण जनरेटरची छोटी इंजिनं रात्रंदिवस धडधडत राहतात. दिवे, पंप, हवा खेळती ठेवणारे पंखे, भटारखाना, शिवाय थंड कंटेनर. न्हावाशेव्याहून नाशिकची द्राक्षं जातात, कोकणातली कोळंबी जाते. त्या प्रत्येक पेटीला अखंड वीज लागते.

हिशेब सोपा आहे. जहाजाला 1000 किलोवॉट वीज लागते असं धरा. एका युनिटला साधारण 210 ग्रॅम तेल जळतं. म्हणजे दिवसाला पाच टन तेल आणि सोळा टन कार्बन डायऑक्साइड! हे सारं जहाज जागचं न हलता. टनाला 700 डॉलर धरले, तर दिवसाचा खर्च साडेतीन हजार डॉलर. गंधकाचं तर विचारूच नका. आपल्या ट्रकच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत 10 भाग गंधक चालतं. जहाजाच्या तेलाची जागतिक मर्यादा 2020 पासून 5000 भाग आहे, आणि ती आधीपेक्षा पुष्कळ कमी केलेली! युरोपच्या बंदरांत मात्र 2010 पासूनच 1000 भागांची अट आहे.

मग किनाऱ्यावरूनच वीज का देऊ नये? अलास्कातल्या जूनो गावात 2001 साली प्रवासी जहाजाला तशी वीज जोडली गेली. लॉस एंजलिसला 2004 मध्ये कंटेनर जहाजांची सोय झाली. पण बहुतेक जहाजांची वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची; मधे बदलणारं महागडं यंत्र हवं. बंदर म्हणतं, आधी जहाजावर जोडणी बसवा. मालक म्हणतो, आधी धक्क्यावर वीज आणा. दोन व्याह्यांचा मानपान चालावा तसा हा प्रकार. कॅलिफोर्नियात 2014 पासून कायद्याने सक्ती झाली, तेव्हा कुठे भराभर तारा जोडल्या गेल्या. आपल्याकडेही 2023 च्या 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वांत किनाऱ्यावरच्या विजेचा आग्रह आहे.

इथे मात्र मी जरा अडखळतो. जूनोची वीज पाण्याची. आपली बरीचशी कोळशाची. जहाजावरच्या जनरेटरच्या एका युनिटमागे पावणेसातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्या ग्रिडच्या युनिटमागे सातशेहून थोडा जास्तच. म्हणजे जगाच्या हवेला आज फारसा फायदा नाही. डोंगरी-माझगावच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी कमी होईल खरी, आणि तेवढ्यासाठीही तार जोडावी असं माझं मत आहे. पण तो धूर चंद्रपूरच्या, कोराडीच्या लोकांनी का घ्यायचा? सूर्याची नि वाऱ्याची वीज धक्क्यापर्यंत आणण्याचं काम तारेबरोबरच हाती घ्यायला हवं. 'ते नंतर बघू' म्हटलं की काय होतं, हे आपण जाणतोच.

परवा मामूंना हे सगळं त्यांच्या उजव्या कानाशी बसून, मोठ्याने सांगितलं. जनरेटर बंद, इंजिनरूममध्ये शांतता, वीज किनाऱ्यावरून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि किनाऱ्यावरची लाइट गेली तर?"

म्हटलं, मामू, जनरेटर आपोआप सुरू होतात.

"होतात ना? मग तेलवाला लागणारच," म्हणाले, आणि पंखा वाढवायला सांगून कुशीवर वळले.