अक्षर का अडलं?

मी कविता लिहितो आणि गेली काही वर्षं संगणकावरच लिहितो. परवा एक ओळ सुचली म्हणून बसलो, तर बोट पुढं आणि अक्षर मागं. 'पाऊस' लिहायला घेतलं. 'पा' उमटला, मग सगळं थांबलं, मग 'ऊस' एकदम येऊन पडला. तोवर ओळ डोक्यातून निघून गेली. ती अजून आलेली नाही.

घरात संगणक एकच. त्यावर मुलगा लग्नाच्या चित्रफिती तयार करतो, तेच त्याचं पोट. त्या दिवशी एक मोठी फाईल लहान करायला लावून तो बाहेर गेला होता. मी फोन केला, "तुझं ते बंद करतो." "अब्बा, नको! सकाळपासून चाललंय, संध्याकाळी द्यायचंय." आता त्याचं काम थांबवावं की माझं? घरातली भाकरी त्याच्या कामावर आहे. मी उठलो.

दुपारी त्यानं येऊन 'टॉप' नावाची यादी उघडली. कोणता प्रोग्राम प्रोसेसरचा किती वेळ खातो, ते तिच्यात दिसतं. मी बी.ए.चा माणूस, मला ते असं समजलं: प्रोसेसर म्हणजे पिठाची गिरणी. दहा किलो गहू घेऊन आलेलं गिऱ्हाईक आहे आणि ओंजळभर डाळ घेऊन आलेली म्हातारीही आहे. गिरणीवाला सगळ्यांचं थोडं थोडं दळतो, इतक्या झटपट, की प्रत्येकाला वाटतं आपलंच चाललंय. मग पाळ्या अगदीच लहान का करत नाहीत? तर गव्हावर बाजरी घातली की थोडं पीठ वाया जातं. संगणकातही काम बदलताना वेळ जातो.

मुलाच्या प्रोग्रामनं आठ कामगार रांगेत उभे केले होते. माझं एक अक्षर पडद्यावर यायला मात्र दोन-तीन प्रोग्रामांना एकामागून एक पाळी मिळावी लागते. रांग न्यायानं चालली होती, तरी म्हातारी उभीच.

या दुखण्यावर खपलेला एक माणूस मला फार आवडला. कॉन कोलिव्हास, ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. प्रोग्रामिंगचं रीतसर शिक्षण नसताना त्यांनी लिनक्ससाठी पाळ्या लावायची नवी रीत लिहिली. ध्यास एकच, घरातल्या माणसाचा संगणक अडखळू नये. 2007 साली लिनक्सनं घेतली ती इंगो मोल्नार यांची रीत. कोलिव्हास यांच्या कामाचं ऋण मोल्नार यांनी मान्य केलं. कोलिव्हास त्याच वर्षी त्या कामातून बाहेर पडले. 2023 मध्ये ती रीतही बदलली. आता थोडक्या वेळाची पाळी मागणाऱ्याला लवकर बोलावणं येतं.

आमच्यापुरता उपाय सोपा निघाला. लिनक्समध्ये प्रत्येक कामाला 'नाइस' नावाचा आकडा असतो, उणे 20 पासून 19 पर्यंत. आकडा जितका मोठा, तितकं ते काम दुसऱ्याला पुढं जाऊ देतं. गंमत म्हणजे आपल्या कामाचा भलेपणा कुणीही वाढवू शकतो. कमी करायचा तर सहसा मालकाची परवानगी लागते! मुलानं 'रीनाइस' ही आज्ञा देऊन फाईलच्या कामाला 19 आकडा दिला. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये त्या प्रोग्रामवर उजवी क्लिक करून प्रायॉरिटी 'बिलो नॉर्मल' करावी. 'रिअलटाईम'ला हात लावू नका, माऊससुद्धा अडू शकतो.

आधी एक मात्र पाहा. मेमरीच भरली असेल आणि डिस्क सारखी धडपडत असेल, तर पाळ्या बदलून फरक पडणार नाही. तिथं जास्तीचे प्रोग्राम बंद करायचे, नाहीतर रॅम वाढवायची.

मी पुन्हा 'पाऊस' लिहिलं. लगेच उमटलं. टायपिंग करताना प्रोसेसर बहुतेक वेळ मोकळाच असतो, तो वेळ फाईलला मिळत राहिला. संध्याकाळी मुलगा ती घेऊन गिऱ्हाइकाकडे गेला, तेव्हा मी दुसऱ्या कडव्यावर होतो.