रक्ताची सुई आणि कामगाराचा हात



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा बंद पडलेल्या गिरण्या यांवर आम्ही बोलू अशी त्यांची कल्पना असावी. तो तर आमचा रोजचाच उद्योग आहे. आज मात्र आम्ही एका सुईवर बोलणार आहोत. शिवणाच्या नव्हे, रक्त काढण्याच्या. आम्ही डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण साचेखात्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. वैद्यकात कोठे चुकलो तर सभेतल्या डॉक्टरमंडळींनी खुशाल आमचा कान धरावा. पण सुई हे एक हत्यार आहे, आणि हत्याराविषयी बोलण्याचा अधिकार कामगाराला नसेल तर तो कोणाला असेल?

रक्त काढण्याची साधने आपल्याकडे नवी नाहीत. सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि भोपळ्याची तुंबडी अशी तीन साधने सांगितली आहेत. त्या काळी रक्त काढीत ते तपासण्यासाठी नव्हे, तर शरीरातला दोष घालवण्यासाठी. पण ग्रंथकाराने एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. तिन्हींत जळू सौम्य. म्हणून राजे, श्रीमंत, बालके, वृद्ध, भित्रे, दुबळे, स्त्रिया आणि नाजूक माणसे यांच्यासाठी ती वापरावी, असे तो सांगतो. हत्यार ठरवताना ते कोणाच्या अंगाला लागणार आहे हे आधी पाहावे, हा विचार इतका जुना आहे. त्या यादीत आम्ही आमचे नाव शोधले. मजूर त्यात नाही!

आता आजच्या सुईकडे येऊ. सुईची जाडी नंबराने सांगतात आणि तो नंबर उलटा चालतो. 21 नंबरची सुई जाड, 23 नंबरची बारीक. दुसऱ्या गावी हे समजावून सांगावे लागेल, हिंगणघाटात लागणार नाही. 20 नंबरच्या सुतापेक्षा 40 नंबरचे सूत बारीक, हे येथे घरोघरी ठाऊक आहे. मग सर्वांना बारीकच सुई का लावू नये? कारण बारीक सुईतून दट्ट्याने जोरात रक्त ओढले की तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते. रोगी धडधाकट, आणि कागदावर आजारी! सूत ओढताना ताण किती द्यायचा याला जसे शास्त्र आहे, तसेच ते येथेही आहे.

पूर्वी काचेच्या पिचकारीने रक्त काढीत आणि मग ते नळीत ओतीत. म्हणजे रक्ताने भरलेली उघडी सुई हातात घेऊन दुसरे काम करायचे. जोसेफ क्लायनर या अमेरिकन संशोधकाने यावर तोड काढली आणि 1949 मध्ये तिचे पेटंट झाले. नळीतली हवा आधीच काढून घ्यायची, तोंडाला रबरी बूच बसवायचे, आणि दोन्हीकडे टोक असलेली सुई घ्यायची. एक टोक शिरेत, दुसरे बुचात. निर्वातामुळे रक्त आपोआप नळीत येते, आणि ठरलेल्या मापाइतकेच येते. नीट पाहिले तर ही आपली जुनी तुंबडीच, फक्त मोजून मापून ओढणारी. बुचांचे रंगही शोभेसाठी नसतात. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, त्यात पेशी मोजतात. करड्या बुचाची नळी साखरेसाठी. नळी अर्धीच भरली तर त्या द्रव्याचे प्रमाण बिघडते आणि अहवालही बिघडू शकतो.

येथवर रक्ताची सोय झाली, रोग्याची झाली, तपासणीचीही झाली. सुई शिरेतून बाहेर आली, बोळा दाबला, रोगी उठून गेला. व्याख्यान वास्तविक येथे संपावे. पण आमचे म्हणणे येथूनच सुरू होते. कारण ती सुई अजून कोणाच्या तरी हातात आहे.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी आमच्या कचेरीत आली. एका दवाखान्यात ती कंत्राटदाराकडे सफाईचे काम करी. दवाखान्याचे नाव आम्ही घेत नाही, कारण त्या एकाच ठिकाणची ही गोष्ट नव्हे. कचऱ्याची पिशवी उचलताना आतली सुई पिशवी फोडून तिच्या मांडीत घुसली होती. मुकादमाने सांगितले, पाणी लाव आणि कामाला लाग. ही गोष्ट आदल्या दिवशीची. आम्ही तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? आम्ही विचारले, "बाई, पिशवी अंगाला लावून कशाला धरलीस?"

ती काही बोलली नाही. आमच्याकडे नुसती पाहत राहिली. आणि आम्हाला एकदम आमचे कार्डिंग खाते आठवले. तेथे आमच्या एका सोबत्याची दोन बोटे यंत्रात गेली होती आणि चौकशीच्या कागदावर लिहिले गेले होते, "कामगाराचा निष्काळजीपणा". त्या दोन शब्दांविरुद्ध आम्ही फाटकावर घसा फोडून बोललो होतो. आणि आज खुर्चीत बसून तेच दोन शब्द आम्ही एका बाईला ऐकवले. बंधूंनो, ही लाज अजून आमच्या मनातून गेलेली नाही.

तिला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तेथे आम्हाला जे कळले ते सर्वांनी ध्यानात ठेवावे. अशा सुईतून रोग्याची ब प्रकारची कावीळ, लस न घेतलेल्या शंभर माणसांपैकी तिसांपर्यंत माणसांना लागू शकते. एचआयव्ही हजारांत सुमारे तिघांना. एचआयव्ही टाळण्याचे औषध 72 तासांच्या आत, आणि होता होईल तो पहिल्या दोन तासांत सुरू करावे लागते. आमच्या हाती थोडाच वेळ उरला होता. तिने 28 दिवस गोळ्या घेतल्या आणि पुढे सहा महिने तपासण्या. दर तपासणीला पुन्हा सुई! शेवटचा अहवाल निर्दोष आला. पण ते सहा महिने ती आपल्या लेकरांना जवळ घेताना बिचकत होती, त्याची नोंद कोणत्या अहवालात होणार?

आमचे सारे म्हणणे एवढेच आहे. "जपून काम कर" ही सुरक्षितता नव्हे. माणूस थकतो, रात्रपाळीत डुलकी येते, रांग मोठी असते. 1948 च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालायला सांगितले. कामगाराने डोळ्यांत तेल घालावे एवढ्यावर भागवले नाही. सुईलाही तसेच कुंपण हवे. आणि ते बनवता येते. अंगठ्याने ढकलताच टोकावर सरकून घट्ट बसणारे आवरण असते. काम होताच सुई आत ओढून घेणारी स्प्रिंगची रचनाही असते. त्यातही जी आपण होऊन झाकली जाते, जिच्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागत नाही, ती उत्तम. जुने टोपण मात्र शत्रूच समजावे. दोन्ही हातांनी ते परत सुईवर बसवताना कित्येकांची बोटे टोचली आहेत.

ही हत्यारे रुग्णालयांत आली ती केवळ संशोधकांच्या कृपेने नव्हे. अमेरिकेत परिचारिका आणि त्यांच्या संघटना झगडल्या, तेव्हा 2000 साली कायदा झाला. सुई निवडताना प्रत्यक्ष रोग्याची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मत घेतले पाहिजे आणि टोचल्याच्या प्रत्येक घटनेची नोंद ठेवली पाहिजे, असे त्यात आहे. युरोपात 2009 मध्ये रुग्णालयांचे मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला आणि 2010 मध्ये त्याचा युरोपीय संघाचा निर्देश झाला. आपल्याकडे 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायला सांगितले आहे, आणि हा कचरा हाताळणाऱ्यांना ब काविळीची व धनुर्वाताची लस द्यायला सांगितले आहे. नियम चांगले आहेत. कंत्राटी बाईपर्यंत ते पोचतात की नाही, एवढेच पाहायचे आहे.

कोणी म्हणेल, अशी सुई महाग पडते. खरे आहे. यंत्राच्या जाळीलाही पैसे पडत होते. पण 28 दिवसांची औषधे, सहा महिन्यांच्या तपासण्या आणि एका घराची झोप, हेही त्याच वहीत जमेस धरा आणि मग बेरीज करा.

सुईच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाविषयी दोन शब्द. आपल्या विदर्भात सिकलसेलचा रोग आहे. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. अशी तपासणी पुष्कळदा बोटाच्या थेंबावर होते. आता कापूस वेचणाऱ्या बाईचे बोट आणि कारकुनाचे बोट एकच आहे काय? घट्टे पडलेल्या कातडीत उथळ टोचणी पोचत नाही. मग बोट पिळतात, रक्तात अंगातले पाणी मिसळते आणि अहवाल चुकतो, किंवा दुसऱ्यांदा टोचतात. टोचण्या वेगवेगळ्या खोलीच्या मिळतात. त्या घेताना वेचणाऱ्या बाईचे बोट डोळ्यांपुढे हवे. सुश्रुताच्या यादीत आता आपण एक नाव वाढवू या.

उद्या आपण रक्त द्यायला जाल तेव्हा बहुतेक जण तोंड फिरवतात तसे फिरवू नका. सुई बाहेर आल्यावर ती कोठे जाते ते पाहा. डबा नसेल तर नम्रपणे विचारा. आमची ती भगिनी अजून तपासणीला गेली की आपल्या हाताकडे पाहत नाही. पांढऱ्या डब्याकडे पाहते, आणि सुई आत पडल्याचा आवाज आला की मगच उठते.