आतून कडी
(गणेशोत्सवातील कौटुंबिक व्याख्यानसत्रात केलेले भाषण)



या व्यासपीठावर मोठमोठे विषय होतात. आज आम्हा नवरा-बायकोच्या वतीने ऐंशी चौरस फुटांच्या एका खोलीबद्दल सांगायचे आहे.

आमची मुलगी नववीत गेली तेव्हा ती आजीजवळ पुढच्या खोलीत झोपत असे. आजीची मालिका चालू, तिथेच हिचा अभ्यास. कपडे बदलायचे तर न्हाणीघर रिकामे होण्याची वाट पाहायची. एक दिवस ती म्हणाली, "मला नवा पलंग नको, कपाट नको. आतून कडी लागेल असं एक दार द्या."

आजी म्हणाल्या, "दार लावून बसण्यासारखं आहे काय?" खरे सांगायचे तर आम्हालाही ते खटकले. पण कडी मागणारे मूल काही लपवतेच असे नाही. ते मोठे होत असते. हे समजायला आम्हाला दोन महिने लागले.

मागच्या अठरा फूट पडवीतला दहा फूट बाय आठ फूट भाग बंद करायचा ठरला. महानगरपालिकेत आधी विचारून घेतले. हातात पन्नास हजार होते. भिंती व गिलावा 16 हजार, जुने सागवानी दार आणि खिडकी 9 हजार, पत्र्याखाली फायबर-सिमेंटच्या पाट्यांचे छत 8 हजार, वायरिंग 8 हजार, टेबल-फळ्या 6 हजार आणि रंग 3 हजार.

दोन गोष्टींत काटकसर केली नाही. पहिली खिडकी. कोरड्या, उष्ण हवामानात खिडकी जमिनीच्या निदान एक दशांश हवी, असे बांधकामाची राष्ट्रीय संहिता सांगते. म्हणजे आठ चौरस फूट. आम्ही बारा ठेवली. इंदूरची रात्र थंड असते, तिला आत यायला वाट हवी. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हातही दिला, त्याने दुपारचा ताप कमी झाला. दुसरी वायरिंग. नवीन तार, अर्थिंग आणि टेबलाजवळ दोन प्लग.

सिव्हिलचा डिप्लोमा असल्याने नकाशा आम्हीच काढला होता. फरशीवर खडूने खरी मापे आखली, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पलंग खिडकीशी आणि टेबल अंधारात?" तिने खडू घेतला आणि दोन्हींची जागा बदलली. उजेड डाव्या हाताने येतो, त्यामुळे लिहिताना सावली पडत नाही. चूक कागदावर दिसली नव्हती. म्हणून सांगतो, विटा आणण्याआधी मुलांच्या हातात खडू द्या.

पहिले आठ दिवस दार सतत बंद होते. आम्ही टकटक करायला शिकलो, आजीही शिकल्या. आता अभ्यास आणि झोप सोडली तर दार उघडेच असते. आजीच दुपारी तिच्या पलंगावर लवंडतात, आणि कधी कधी आतून कडी लावतात!

गणपती बाप्पा मोरया!