श्रद्धेची जबाबदारी
(हीरक महोत्सवी वर्षातील प्रार्थनासभेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



परीक्षा जवळ आली की आपल्या प्रार्थनेचा स्वर आपोआप उंचावतो. त्यात गैर काही नाही. संकटात माणूस देवाला हाक मारणारच. पण हाक मारल्यानंतर आपण काय करावे? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक चरित्र आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्या दिल्लीच्या दक्षिणेस, भरतपूरजवळ, कुंभेरचा किल्ला आहे. १७५४ साली त्याला वेढा पडला असता खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने मरण पावले. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले व राज्यकारभारात आपल्या हाताशी घेतले. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. ही संधी साधून दिवाण गंगाधर यशवंत यांनी राघोबादादांना फौजेसह पाचारण केले.

अहिल्याबाई निस्सीम शिवभक्त होत्या. तरी त्या चमत्काराची वाट पाहत देवघरात बसून राहिल्या नाहीत. त्यांनी फौज सज्ज केली, इतर मराठा सरदारांकडे मदत मागितली आणि थेट पेशवे माधवरावांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांचा अधिकार मान्य केला. राघोबादादांचा बेत फसला. पुढे सैन्याची धुरा तुकोजी होळकरांकडे सोपवून राज्याचा कारभार त्यांनी स्वतः पाहिला.

त्यांच्या आज्ञापत्रांवर श्रीशंकराचे नाव असे. राज्य शिवाचे, आपण केवळ कारभारी, ही त्यामागील भावना. या भावनेने त्यांचा भार हलका झाला नाही, उलट वाढलाच. कारण धन्याला प्रत्येक पैचा हिशेब द्यावा लागतो. काशीविश्वनाथाचे मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि महेश्वरच्या विणकरांना मिळालेला आश्रय, ही सारी त्या हिशेबाचीच पाने होत.

आणि एक गोष्ट विसरू नये. एवढ्या भक्तीनंतरही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. १७९१ मध्ये जावई गेले आणि कन्या मुक्ताबाई आईच्या विनवण्या न ऐकता सती गेली. तरीही १७९५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्या कारभार पाहत राहिल्या. श्रद्धा हा देवाशी केलेला सौदा असता, तर तो त्या दिवशीच मोडला असता.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही घरी मराठी, गल्लीत हिंदी बोलता आणि उद्या महाविद्यालयात इंग्रजीला सामोरे जाल. भीती वाटेल. तेव्हा अवश्य हात जोडा. मग जो धडा टाळत आला आहात, तोच प्रथम उघडा. अडल्यास शिक्षकांना विचारा. मदत मागण्यात कमीपणा नाही, अहिल्याबाईंनीही ती मागितली होती. निकाल मनासारखा लागला नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडण्याचे बळ जी देते, तीच खरी श्रद्धा. ती तुम्हां सर्वांना लाभो, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.