संगणकप्रणालींतील भाषाविषयक माहिती : साठवण आणि वापर



भारतीय भाषांची अक्षरे संगणकावर उमटू लागली म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला, असा एक समज रूढ आहे. युनिकोडमुळे अक्षरे उमटतात हे खरे. पण बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हा आकडा '१२,३४,५६७' असा लिहावा की '१,२३४,५६७' असा, वर्षाच्या पहिल्या महिन्यास 'जानेवारी' म्हणावे की 'जनवरी', हे अक्षरांवरून ठरत नाही. मराठी, हिंदी व नेपाळी यांची लिपी एक, संकेत निराळे. एखाद्या भाषेच्या व प्रदेशाच्या अशा संकेतांच्या संचाला तंत्रज्ञ 'लोकेल' म्हणतात.

वर्णक्रमाचेच पाहा. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. म्हणून केवळ क्रमांकांवर विसंबणारी आज्ञावली 'काळे' हे आडनाव 'कावळे'च्या आधी लावते, तर मराठी परंपरेनुसार ते नंतर यावयास हवे. 'क्षीरसागर' तर थेट 'क'च्या गर्दीत जाऊन बसतात. लाभार्थ्यांच्या लांबलचक छापील यादीत आपले नाव शोधणाऱ्याला ते असूनही सापडत नाही.

हे संकेत ठेवावयाचे कोठे? पूर्वी प्रत्येक आज्ञावलीकार ते आपल्या आज्ञावलीतच लिहून टाकीत असे. यातील अडचण रुपयाच्या चिन्हाने दाखवून दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१० मध्ये '₹' या चिन्हास मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत आले. जेथे चलनाचे चिन्ह वेगळ्या माहितीसंचात होते, तेथे तो संच बदलणे पुरेसे होते. जेथे ते आज्ञावलीत ठिकठिकाणी विखुरले होते, तेथे ती पुन्हा तपासावी लागणे अटळ होते. भाषेचे संकेत शासन आणि समाज ठरवितो, आणि त्यांचे वेळापत्रक आज्ञावलीच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. तेव्हा माहिती आज्ञावलीबाहेर असावी, हे उघड आहे.

असा सामाईक संग्रह आज उपलब्ध आहे. 'सीएलडीआर' या नावाने त्याची पहिली आवृत्ती २००३ मध्ये निघाली आणि २००४ पासून युनिकोड कन्सोर्टियम तो सांभाळते. तो वापरणारी सर्वांत प्रसिद्ध लायब्ररी म्हणजे 'आयसीयू' (रुग्णालयातील नव्हे). संग्रहात मराठीसाठी काही नोंद नसेल तर शोध 'मराठी-भारत' येथून 'मराठी'कडे आणि तेथून सर्व भाषांच्या मूळ नोंदीकडे जातो. या उतरंडीमुळे तीच माहिती पुनःपुन्हा साठवावी लागत नाही.

मात्र हीच उतरंड गैरसोयीचीही ठरते. सर्व भाषांची माहिती कित्येक मेगाबाइट भरते. जागा वाचविण्यासाठी ती गाळण्याचा मोह होतो. 'नोड' या लोकप्रिय प्रणालीच्या तयार प्रतींत २०१९ पर्यंत मूलतः केवळ इंग्रजीचीच माहिती असे. मराठी तारीख मागितली की इंग्रजी तारीख मिळे, आणि चूक झाल्याची सूचनाही नसे. ऑक्टोबर २०१९ च्या १३ व्या आवृत्तीपासून सर्व भाषा समाविष्ट झाल्या. सूचना न देता इंग्रजीकडे वळणे हा या क्षेत्रातील सर्वांत घातक दोष मानावा लागेल, कारण ज्याची भाषा गळते त्याच्याखेरीज तो कोणाच्याच लक्षात येत नाही. हव्या तेवढ्याच भाषा निवडून, हव्या त्या वेळी वाचण्याची सोय करणे हा त्यावरील योग्य उपाय आहे. २०२२ मध्ये १.० आवृत्ती निघालेल्या 'आयसीयू-फोर-एक्स'ची रचना याच तत्त्वावर आहे : आज्ञावली वेगळी, माहिती वेगळी.

बाहेर ठेवलेली माहिती बदलते, याची जाणीवही हवी. ऑक्टोबर २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतील 'एएम-पीएम'पूर्वीची साधी मोकळी जागा एका निराळ्या, अरुंद जागेने बदलली गेली. डोळ्यांना फरक जाणवत नव्हता. पण छापलेली वेळ पुन्हा वाचून घेणाऱ्या कित्येक आज्ञावल्या अडखळल्या. त्याआधी २०१८ मध्ये लिनक्सच्या 'जीलिबसी' या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत वर्णक्रम बदलला, तेव्हा 'पोस्टग्रेस'सारख्या माहितीकोशांतील जुन्या क्रमाने बांधलेल्या मजकुराच्या अनुक्रमण्या निरुपयोगी ठरून नव्याने बांधाव्या लागल्या. असलेली नोंद शोधात सापडेनाशी होणे म्हणजे काय, हे कार्यालयात काम करणाऱ्यास सांगावयास नको. म्हणून माहितीसंचाची आवृत्ती नोंदवून ठेवावी, आणि तारीख वा रक्कम साठविताना भाषानिरपेक्ष रूपात साठवून केवळ दाखविताना भाषेचे रूप द्यावे.

संग्रह उत्तम असला तरी त्यात नोंदी कोणीतरी भराव्या लागतात. बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी या भाषांचा आठव्या अनुसूचीत समावेश २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने झाला. घटनेतील हे स्थान मिळाले तरी संगणकातील नोंदी आपोआप पूर्ण होत नाहीत. सीएलडीआरमध्ये त्या भाषकांकडून सुचविल्या जातात आणि मतांनी पक्क्या होतात. या कामासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. महिन्यांची नावे, वर्णक्रम आणि आकड्यांचे संकेत ठाऊक असणारे शिक्षक व भाषा-अभ्यासक ते करू शकतात.