सांदवाडीही मोजा

भावांनो, बायांनो, दावा भरताना आपण धानाची बांधी मोजतो अन् घरामागची सांदवाडी सोडून देतो. २००६ चा वनहक्क कायदा राहती जागाही धरतो! रोवणी सरली की रोजी थांबते, धान अजून घरात यायचे असते. तेव्हा चार अंडी वाडीतल्या दोडक्यात फोडली की सहा माणसांचे कालवण होते. कोंबडी खुडूक बसली तर एकवीस दिवसांत पिल्ले. (मानमोडीची लस उन्हाळ्याआधीच टोचून घ्या, नाहीतर खुराडा रिकामा.) वनहक्क समिती पाहणीला आली की घर, खुराडा, कुंपण, वेलाचा मांडव सगळे दाखवू, कागदावर लिहवून घेऊ. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वाडी आपल्याच ताब्यात, हे गावातल्या म्हातारीला ठाऊक असते. ती दावेदार नसावी. तिचा जबाब लिहून अंगठा घेऊ.